संरक्षणाचे ६ लाख ८१ हजार कोटी नक्की जातात कुठे, आणि त्यातले देशात किती राहतात?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. मी सांगली जिल्ह्यात ज्युनियर कॉलेजला अर्थशास्त्र शिकवते. सध्या बारावीला सार्वजनिक खर्च चालू आहे आणि गाईडमधे संरक्षण खर्च 'अनुत्पादक' या खान्यात टाकून एका ओळीत विषय संपवलाय. वर्गात एक मुलगी उठून म्हणाली, मॅडम माझा मामा फौजेत आहे, माझी फी त्याच्या पगारातून भरली जाते, मग हा खर्च अनुत्पादक कसा? तिच्या मागच्याच बाकावरचा मुलगा म्हणाला की केंद्राच्या २०२५-२६ च्या बजेटात संरक्षणाला ६.८१ लाख कोटी आणि शिक्षण मंत्रालयाला १.२८ लाख कोटी, म्हणजे पाचपट, हे बरोबर आहे का? दोघांचेही प्रश्न मला खरे वाटले. गाईडमधलं उत्तर द्यायची माझी इच्छा नाही.

त्यात मे २०२५ मधे ऑपरेशन सिंदूर झाल्यापासून आमच्या घरच्या ग्रुपवर रोज चालूच आहे, एक बाजू म्हणते जीडीपीच्या ३ टक्के करा, दुसरी म्हणते हेच पैसे शाळा दवाखान्यांना द्या, आणि आकडे कुणाकडेच नाहीत. तर मला हे समजून घ्यायचंय की हा पैसा आत कशाकशावर जातो, त्यातला देशात किती फिरतो आणि बाहेर किती जातो, आणि वाढवायचाच म्हटला तर आणायचा कुठून. ज्यांचा या क्षेत्राशी प्रत्यक्ष संबंध आहे त्यांनी जरूर लिहा. राजकीय भांडण नको, प्लीज.

आकडेमोड
मॅडम प्रश्न चांगला आहे, जरा लांबण लागेल पण सगळं एकदाच लिहितो.

२०२५-२६ चं केंद्राचं एकूण बजेट ५०.६५ लाख कोटी. त्यातले संरक्षण मंत्रालयाला ६,८१,२१० कोटी, म्हणजे साडेतेरा टक्क्यांच्या आत. जीडीपीच्या हिशोबात १.९ टक्के. आता बहुतेक लोकांना वाटतं की ६.८१ लाख कोटी म्हणजे विमानं, तोफा, पाणबुड्या. तसं नाहीये. त्यातले १,६०,७९५ कोटी नुसते पेन्शनचे आहेत. ३,११,७३२ कोटी महसुली खर्च, म्हणजे पगार, रेशन, इंधन, दारूगोळा, दुरुस्ती, रोजचं सगळं. नवीन काही विकत घ्यायला किंवा बांधायला ज्याला भांडवली खर्च म्हणतात तो १,८०,००० कोटी, म्हणजे रुपयातले २६ पैसे. पेन्शन जवळजवळ २४ पैसे. हे दोन आकडे शेजारी शेजारी फळ्यावर लिहा, मुलांच्या लगेच लक्षात येईल की भांडण किती टक्के यावर करण्याआधी आत काय आहे ते बघायला हवं.

त्या १.८० लाख कोटीतले १,४८,७२२ कोटी आधुनिकीकरणाचे, आणि त्यातले ७५ टक्के, म्हणजे १,११,५४४ कोटी, देशातल्या कंपन्यांकडून खरेदीसाठी राखीव ठेवलेत. त्यातही पाव हिस्सा, २७,८८६ कोटी, खाजगी कंपन्यांना. कागदावर हे खूप चांगलं आहे. प्रत्यक्षात 'देशातली कंपनी' म्हणजे 'देशातला पैसा' असं समीकरण होत नाही, पण त्यावर ज्यांचा कारखाना आहे त्यांनी लिहिलेलं बरं.

आणखी एक गोंधळ कायम होतो तो आत्ताच सांगून ठेवतो. स्टॉकहोमची सिप्री संस्था दरवर्षी जगाचे आकडे काढते, त्यांच्या हिशोबात २०२४ मधे भारताचा खर्च ८६.१ अब्ज डॉलर, जगात पाचवा नंबर आणि जीडीपीच्या २.३ टक्के. मग १.९ खरं की २.३ खरं? दोन्ही खरं, मोजमाप वेगळं. सीमेवर उभी असणारी बीएसएफ, आयटीबीपी ही दलं गृहमंत्रालयाच्या बजेटात येतात, आपल्या संरक्षण बजेटात नाही, आणि सिप्री निमलष्करी दलंही धरते. ग्रुपवर एक जण एक आकडा टाकतो, दुसरा दुसरा टाकतो आणि दोघं एकमेकांना खोटं ठरवतात.

३ टक्क्यांबद्दल. जीडीपी साधारण ३५७ लाख कोटी धरा. ३ टक्के म्हणजे १०.७ लाख कोटी. आजच्या वर जवळपास ३.९ लाख कोटी जास्त, दरवर्षी. शिक्षण मंत्रालयाचं सगळं बजेट तिप्पट केलं तर जेवढं होईल तेवढं. केंद्राची वित्तीय तूट आधीच १५.६९ लाख कोटी धरलेली आहे आणि नुसत्या व्याजापोटी १२.७६ लाख कोटी जातात, जे संरक्षणाच्या जवळजवळ दुप्पट आहे. तेव्हा ३ टक्के म्हणणाऱ्याने कर्ज, कर की कपात यातलं एक नाव घ्यायला पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि टक्केवारीला फार कवटाळूही नये. त्याच सिप्रीच्या अंदाजात चीन जीडीपीच्या फक्त १.७ टक्के खर्च करतो आणि त्याचे होतात ३१४ अब्ज डॉलर. आपण २.३ टक्के करूनही ८६. तो फरक बजेटने भरून निघणारा नाही, तो अर्थव्यवस्थेच्या आकाराचा आहे, आणि तो आकार शाळा, रस्ते, कारखाने यातून येतो.

निवृत्त_सुभेदार_सातारा
आकडेमोड साहेबांनी हिशोब चोख दिलाय. फक्त पेन्शनच्या बाबतीत माझं थोडं ऐकून घ्या, कारण ती २४ पैशाची ओळ वाचली की लोक लगेच म्हणतात पेन्शननेच सगळं खाल्लं.

सरकारी कार्यालयातला माणूस ६० ला निवृत्त होतो. आमचा शिपाई १८-१९ ला भरती होतो आणि ३५ ते ४० च्या दरम्यान बाहेर येतो, कारण फौज तरुण ठेवायची असते, सियाचीनला किंवा तवांगला ५० वर्षाचा माणूस ओझं घेऊन चढू शकत नाही. हे देशाच्या गरजेसाठी ठरवलेलं वय आहे, त्याने मागितलेलं नाही. ४० व्या वर्षी पोरं शाळेत असतात, आईबाप म्हातारे झालेले असतात, आणि बाहेरच्या नोकरीत सिक्युरिटी गार्ड सोडून दुसरं कुणी पटकन घेत नाही. म्हणून पेन्शनर जास्त आणि वर्षंही जास्त. सुमारे ३४ लाख लोकांना हे पेन्शन जातं आणि त्यात संरक्षण खात्यातले सिव्हिलियन कर्मचारीही आहेत, हे कुणी सांगत नाही. वन रँक वन पेन्शन २०१५ ला जाहीर झालं, १ जुलै २०१४ पासून लागू झालं, त्याने आकडा वाढला हे खरं आहे, पण ते मागितलं होतं का तर त्याच हुद्द्यावरून १९९० ला निवृत्त झालेल्या माणसाला २०१० वाल्यापेक्षा फार कमी मिळत होतं म्हणून.

आता मॅडम तुमच्या विद्यार्थिनीच्या मामाबद्दल. आमच्या साताऱ्यात अपशिंगे गाव आहे, लोक त्याला अपशिंगे मिलिटरीच म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जण कामी आले, त्याचा शिलालेख आहे गावात. त्या गावासारखी माण, खटाव, कोरेगावला किती तरी गावं, जिथे जमीन आहे पण पाऊस नाही. तिथली विहीर, पोरीचं लग्न, पोराचं इंजिनिअरिंग, ट्रॅक्टरचा पहिला हप्ता, हे सगळं पूर्वी मनीऑर्डरवर आणि आता पगार-पेन्शनवर चाललंय. दुष्काळात जनावरं छावणीला गेली तेव्हाही महिन्याच्या १ तारखेला बँकेत पैसे येणारं घर फौजीचंच होतं, आणि गावातला किराणा दुकानदारही त्या घराच्या भरवशावर इतरांना उधार देत होता. अर्थशास्त्रात याला काय म्हणतात मला माहीत नाही, पण अनुत्पादक म्हणू नका एवढीच विनंती.

भरतीची_तयारी
सर मी बीड जिल्ह्यातला आहे, पहाटे ५ ला ग्राउंडला असतो. पेन्शनचं बोलताय म्हणून लिहितो. आम्हाला तर पेन्शनच नाही. २०२२ पासून अग्निपथ योजनेतून भरती आहे, नोकरी ४ वर्षं, पहिल्या वर्षी महिना ३० हजार पॅकेज, चौथ्या वर्षी ४० हजार, त्यातलं ३० टक्के कापून सरकार तेवढंच टाकतं आणि शेवटी व्याज धरून ११.७१ लाख मिळतात. १०० तले २५ जण पुढे राहणार. बाकी ७५ घरी. पहिली बॅच २०२३ च्या जानेवारीत ट्रेनिंगला गेली म्हणजे २०२६ संपता संपता बाहेर येणार, तेव्हा कळेल बाहेर त्यांना कोण घेतं.

मी तरी पण जाणार आहे कारण मला वर्दी पाहिजे. पण सरकारचे पैसे यातून किती वाचतात हे कुणी सांगेल का, कारण वाचवण्यासाठीच केलंय असं सगळे म्हणतात.

आकडेमोड
@भरतीची_तयारी दादा, तुझा प्रश्न फार महत्त्वाचा आहे आणि उत्तर असं की पेन्शनमधली बचत आज काहीच दिसणार नाही. पेन्शन मिळायला जवानाला किमान १५ वर्षं सेवा लागते. म्हणजे २०२२ नंतर जुन्या पद्धतीने जे भरती झाले असते त्यांचं पेन्शन २०३७ च्या पुढे सुरू झालं असतं. आज जे १.६० लाख कोटी जातात ते आधीच निवृत्त झालेल्यांचे, ते कमी होणार नाहीत आणि व्हायलाही नकोत. पगारात थोडी बचत लवकर दिसेल. तेव्हा पेन्शनच्या ओळीत फरक पडायला १५ वर्षं जाणार आणि त्याची किंमत आत्ताच्या पोरांनी द्यायची, असा तो व्यवहार आहे. मला स्वतःला २५ टक्के हा आकडा फार कमी वाटतो. ट्रेनिंगवर खर्च करायचा, हाताशी आलेला माणूस ४ वर्षांत सोडायचा, यात पैशाचीही नासाडी आहे.

सुभेदारसाहेब, तुमचं म्हणणं मान्य. पेन्शन हे देणं आहे, ते कापा असं मी म्हणत नाहीये. ते बजेटमधे वेगळं दाखवा आणि त्याला आधुनिकीकरण समजू नका, एवढंच.

भोसरी_एमआयडीसी
आकडेमोड यांनी कारखानदाराने लिहावं म्हटलंय तर लिहितो. भोसरीत माझं छोटं मशीन शॉप आहे, आधी सगळं ऑटोचं काम होतं, गेली काही वर्षं एरोस्पेस आणि डिफेन्सचं पण करतो. मी थेट सैन्याला काही देत नाही, मी देतो एका मोठ्या कंपनीला, ती देते आणखी मोठ्या कंपनीला, आणि ती देते सरकारला.

एक पार्ट सांगतो म्हणजे पैसा कुठे जातो ते कळेल. तळहातावर मावेल असं एक ब्रॅकेट आहे. ७०७५ ग्रेडचं ॲल्युमिनियम लागतं, एरोस्पेसचं, मिलच्या सर्टिफिकेटसकट, ते बाहेरून येतं. त्या ब्लॉकमधून ५ ॲक्सिसच्या मशीनवर पार्ट कोरून काढायचा, निम्म्याहून किती तरी जास्त माल चिप्स होऊन खाली पडतो आणि भंगारात जातो. मशीन जपानी. कटर बहुतेक बाहेरचे. मग माझं काय? तर प्रोग्रॅम करणारा पोरगा माझा, ऑपरेटर माझे, फिक्स्चर इथे बनवलेलं, वीज इथली, ॲनोडायझिंग पुण्यातच मंजूर झालेल्या एका शॉपमधे, तपासणी सीएमएमवर, म्हणजे मापं तपासणाऱ्या मशीनवर, इथेच. प्रत्येक पार्टवर हीट नंबर, म्हणजे धातूच्या घाणीचा नंबर, टाकायचा, तो पार्ट कुठल्या ब्लॉकमधून निघाला, कुणी काढला, कुठल्या दिवशी तपासला हे सगळं कागदावर राहिलं पाहिजे, आणि पहिला पीस मंजूर होईपर्यंत ग्राहकाची माणसं, सरकारी तपासणी, सगळं मिळून महिनोन्महिने जातात. त्या काळात मशीन, पगार आणि बँकेचं व्याज चालूच. एकदा मंजूर झाला की मग ठीक.

म्हणजे माझ्या बिलातलासुद्धा चांगला मोठा हिस्सा मटेरियल आणि टूलिंगच्या वाटेने बाहेर जातो, आणि मी तर पूर्ण 'स्वदेशी' धरला जातो. यावर रडायचं कारण नाही, उपाय आहे, इथे एरोस्पेस ग्रेडचं मटेरियल बनवणाऱ्या मिल उभ्या करायच्या, पण ते एका वर्षाच्या ऑर्डरवर कोण उभं करेल? आम्हाला खरा त्रास आहे तो चढउताराचा. एका वर्षी तिन्ही शिफ्ट, दुसऱ्या वर्षी मशीनवर कापड टाकून बसायचं. शिकवलेला ऑपरेटर तोपर्यंत चाकणला गाडीच्या कंपनीत जातो, आणि ऑर्डर परत आली की नवीन पोरगा पहिल्यापासून शिकवायचा. पेमेंटचं तर बोलायलाच नको, ४५ दिवसांचा नियम आहे, इन्कम टॅक्सच्या कायद्यातही आता आलाय, पण वरच्याला वरून पैसे आले नाहीत की तो मला देत नाही आणि मी भांडलो तर पुढची ऑर्डर येणार नाही. एका कंपनीकडे माझे पैसे इतके अडकले होते की पगारासाठी घरचं सोनं ठेवायला लागलं.

मला कुणी विचारलं बजेट वाढवा की कमी करा तर मी म्हणेन वाढवूही नका, पण ५ वर्षांची ऑर्डर कागदावर द्या आणि वेळेवर पैसे द्या. एवढ्यावर भोसरी, सातपूर, अंबडची निम्मी शॉप नवीन मशीन घेतील.

ओझर_रोड
भोसरीकरांच्या चढउताराच्या मुद्द्याला शंभर टक्के सहमत, आम्ही नाशिककरांनी हे उघड्या डोळ्यांनी बघितलंय. ओझरचा विमान कारखाना १९६४ चा, मिग बनवायला काढलेला, मग सुखोई आलं. सुखोईच्या ऑर्डरी संपत आल्या तशी इथे काळजी पसरली, पुढे काय म्हणून, आणि ही काळजी कारखान्याच्या गेटच्या आत थांबत नाही, ओझर, पिंपळगाव, दिंडोरीची भाड्याची घरं, खानावळी, शाळेच्या बस, सगळ्यांवर येते. मग डिसेंबर २०२४ ला आणखी १२ सुखोईंचा साडेतेरा हजार कोटींचा करार झाला आणि ऑक्टोबर २०२५ मधे तेजस या देशी लढाऊ विमानाची तिसरी लाइन नाशिकला सुरू होऊन इथलं पहिलं विमान उडालं. बघायला रस्त्यावर माणसं थांबली होती.

पण तेजसचंच बघा. ८३ विमानांचा करार फेब्रुवारी २०२१ ला झाला, सुमारे ४८ हजार कोटींचा. विमानं २०२४ पासून मिळायची होती. अडलं कशावर, तर इंजिनवर. इंजिन अमेरिकेचं, जीईचं एफ-४०४, आणि या ऑर्डरीतलं पहिलं इंजिन आलं मार्च २०२५ ला. तोपर्यंत सांगाडे तयार, इंजिन नाही. इंजिनाविना आपलं सगळं खोळंबतं हे ५० वर्षं माहीत आहे, आपल्या देशी कावेरी इंजिनावर १९८० च्या दशकापासून काम चालू आहे आणि ते तेजसला बसलं नाही. मला विचाराल तर भांडवली खर्चातला पहिला रुपया इंजिनाला गेला पाहिजे. नंतर बाकी सगळं.

तालुका_डॉक्टर
मी ग्रामीण रुग्णालयात काम करते. सगळं वाचलं, सुभेदारसाहेबांबद्दल आदरच आहे, माझ्याकडे माजी सैनिक पेशंट येतात. पण चर्चा हळूहळू 'खर्च चांगला कसा करावा' इकडे गेली आणि मूळ प्रश्न बाजूला पडला, की आरोग्याला २०२५-२६ मधे केंद्राने ९९,८५९ कोटी दिलेत. पेन्शनच्या एका ओळीपेक्षा कमी. माझ्याकडे भूलतज्ज्ञ नाही म्हणून सिझेरियनची बाई रात्री जिल्ह्याला पाठवावी लागते, रस्त्यात काय होईल हे कुणाच्या हातात नसतं. त्या बाईच्या दृष्टीने सुरक्षा म्हणजे काय?

आणि यावर लगेच उत्तर येईल की आरोग्य, शिक्षण हे राज्यांचे विषय आहेत, राज्यं खर्च करतात, तुलना चुकीची आहे. तांत्रिकदृष्ट्या बरोबर. पण राज्याचा पैसा येतो कुठून हेही सांगा ना.

आकडेमोड
डॉक्टर, तेच उत्तर मी लिहिणार होतो, पण तुम्ही पुढचा प्रश्न विचारलात तो जास्त खरा आहे.

शिक्षण आणि आरोग्याचा मोठा भाग राज्यांच्या बजेटातून जातो, त्यामुळे ६.८१ विरुद्ध १.२८ ही तुलना मुलांना देताना राज्यांचा खर्च धरूनच द्यावी. संरक्षण मात्र पूर्ण केंद्राचं. आता दुवा इथे आहे: केंद्राच्या करातला राज्यांचा हिस्सा किती ते सुचवणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाला २०१९ मधे केंद्राने जादा काम दिलं, की संरक्षण आणि अंतर्गत सुरक्षेसाठी वेगळा निधी काढता येईल का ते बघा. तेव्हा राज्यांना भीती वाटली की हा निधी वाटपाच्या आधीच काढून घेतील आणि आपला हिस्सा आकसेल. शेवटी आयोगाने राज्यांचा हिस्सा ४१ टक्के ठेवला आणि २०२१ ते २६ साठी २.३८ लाख कोटींचा निधी सुचवला, वर्ष संपलं तरी परत न जाणारा, त्यातला काही भाग संरक्षण कंपन्यांमधला सरकारी हिस्सा आणि सैन्याची जादा जमीन विकून उभा करायचा होता. तेव्हा संरक्षण आणि तुमचा भूलतज्ज्ञ हे एकाच पातेल्यातून येत नाहीत हे खरं, पण पातेल्यांच्या मधे नळी आहे. सेस आणि सरचार्ज, म्हणजे करावर लावलेले जादा कर, यांचा पैसा केंद्राला राज्यांशी वाटून घ्यावा लागत नाही, हीच ती नळी.

परत न जाणारा निधी का हवा तेही सांगतो, कारण हे कुणी बोलतच नाही. २०२४-२५ ला भांडवली खर्चाला १.७२ लाख कोटी दिले होते. वर्ष संपत आल्यावर जो सुधारित अंदाज काढतात त्यात ते १.५९५ लाख कोटींवर आले. म्हणजे साडेबारा हजार कोटी खर्चच झाले नाहीत, करार वेळेत होत नाहीत म्हणून. फाइल फिरते, चाचण्या होतात, परत निविदा निघते, मार्च येतो. ३ टक्के मागण्याआधी दिलेले पैसे तरी खर्च होऊ द्यात असं म्हणावंसं वाटतं, आणि तिकडे भोसरीकर सोनं ठेवून पगार करतायत.

जुनी_पानं
थोडा इतिहास, कारण आजच्या प्रश्नाला हा देश एकदा फार कठीण पद्धतीने सामोरा गेलाय. १९६२ च्या आधी आपण जीडीपीच्या २ टक्क्यांच्या आसपास होतो, भर पंचवार्षिक योजनांवर होता. चीनने हल्ला केला, मुख्यमंत्रीपद सोडून यशवंतराव चव्हाण नोव्हेंबरात दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री हे त्याच वेळचं. १९६३-६४ च्या बजेटात संरक्षणाची तरतूद आदल्या बजेटच्या दुपटीहून जास्त झाली आणि प्रमाण ४ टक्क्यांच्या जवळ गेलं.

पैसा कुठून आला? मोरारजी देसाई अर्थमंत्री. सक्तीची बचत ठेव योजना आली, कंपन्यांच्या जादा नफ्यावर कर आला, आणि सुवर्ण नियंत्रण आलं, १४ कॅरेटच्या वरचे दागिने घडवायला बंदी. त्या बंदीने गावोगावचे सोनार देशोधडीला लागले, आमच्या आळीतल्या दोन घरांनी पिढीजात धंदा सोडला, एकाने चहाचं दुकान टाकलं. युद्धाचा खर्च कुणी भरला असं विचारलं तर मी आधी त्यांचं नाव घेईन. पुढे १९६५ चं युद्ध, दोन दुष्काळ, १९६६ ला रुपयाचं अवमूल्यन, आणि पंचवार्षिक योजनेला ३ वर्षं सुट्टी द्यावी लागली.

तरी दुसरी बाजू बघा, यशवंतरावांनी १९६४ ला सैन्याची पहिली पंचवार्षिक योजना केली, म्हणजे भोसरीकर आज मागतायत ते, आधी ठरवून मग खर्च. ओझरचा कारखाना त्याच काळातला. महाराष्ट्रात आज १० आयुध कारखाने आहेत, खडकी, देहूरोड, अंबरनाथ, वरणगाव, भुसावळ, अंबाझरी, भंडारा, चांदा असे, आणि वरणगावसारखं गाव त्या कारखान्याने उभं केलं. घाईत वाढवलेल्या खर्चाने माणसं चिरडली आणि ठरवून केलेल्या खर्चाने गावं वसली, दोन्ही एकाच दशकात.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. डॉक्टर तुमची पोस्ट मी वर्गात जशीच्या तशी वाचणार आहे, आणि सुभेदारसाहेबांची पण, मुलांनी दोन्ही ऐकून स्वतः ठरवावं. सुवर्ण नियंत्रणाचं तर मला हे बजेटशी जोडून कधीच सुचलं नव्हतं.

एक शेवटचं विचारते. आजकाल निर्यातीचं फार ऐकते, ब्रह्मोस क्षेपणास्त्र फिलिपिन्सला विकलं वगैरे. निर्यातीने हा खर्च भरून निघेल असं म्हणणं कितपत बरोबर? आणि फेब्रुवारी २०२६ च्या बजेटात मुलांना नेमकं काय बघायला सांगू?

भोसरी_एमआयडीसी
मॅडम निर्यातीचं आमच्या बाजूने सांगतो, ते खरं वाढलंय. परदेशी ग्राहकाचं काम असलं की पेमेंट तारखेला येतं आणि ३-४ वर्षांचा अंदाज आधी हातात मिळतो, म्हणून पोरं टिकतात. माझं गेल्या वर्षीचं नवीन मशीन त्याच कामावर घेतलंय. सरकारी ऑर्डरीवर घेतलं नसतं, बँकेनेही दिलं नसतं.

आकडेमोड
निर्यात २०१३-१४ ला ६८६ कोटी होती, २०२४-२५ ला २३,६२२ कोटी झाली, त्यातले १५ हजार कोटींच्या वर खाजगी कंपन्यांचे. फिलिपिन्सचा ब्रह्मोस करार ३७.५ कोटी डॉलरचा. वाढ खरी आहे आणि अभिमानाची आहे. पण २३ हजार कोटी हे ६.८१ लाख कोटींच्या साडेतीन टक्के, आणि ती विक्री आहे, नफा नाही. खर्च त्यातून भरून निघणार नाही. तिचा उपयोग भोसरीकरांनी सांगितला तोच, सरकारी ऑर्डर थांबली तरी मशीन चालू राहतं.

त्या बजेटात मुलांना एकूण आकडा बघू देऊ नका, टीव्हीवर तोच मोठ्या अक्षरात येतो. बजेटच्या कागदात दोन रकाने शेजारी असतात, चालू वर्षाचा मूळ अंदाज आणि सुधारित अंदाज. भांडवली खर्चाच्या ओळीत १.८० लाख कोटींच्या पुढे सुधारितमधे काय लिहिलंय ते बघायला सांगा. कमी असेल तर २०२५-२६ मधेही करार अडकले. जास्त असेल तर सिंदूरनंतरची तातडीची खरेदी त्यात आलीय असं समजा, आणि मग कुठल्या ओळीतून ते काढले ते शोधायला लावा, चांगला गृहपाठ आहे. पगार आणि पेन्शनच्या ओळी यंदा वाचून निष्कर्ष काढू नका, आठव्या वेतन आयोगाचा अहवाल अजून यायचाय, तो लागू झाला की त्या दोन्ही उडी घेतील आणि मग ते २६ पैसे २६ च राहतात का ते बघायचं.